ऱ्हायनो

मार्व्हल कॉमिक्सच्या स्पायडरमॅन मालिकेतील अचाट ताकदीचा खलपुरुष. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॉन रोमिता (थोरले) यांनी निर्माण केलेले हे पात्र ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ४१व्या अंकात (ऑक्टोबर १९६६) प्रथम अवतरले. अंगावर गेंड्याच्या कातड्यासारखा करडा, जाड पोशाख आणि कपाळावर शिंग असे त्याचे रूप आहे. अलेक्सेई सिटसेविच हे त्याचे नाव नंतरच्या कथांतून रूढ झाले. सुरुवातीला तो नुसता एक दांडगट गुंड होता.

स्पायडरमॅनचे पहिले चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी ३८व्या अंकानंतर मालिका सोडली. त्यांच्या काळातले डॉक्टर ऑक्टोपस, व्हल्चर, मिस्टेरियो हे खलनायक बुद्धीच्या आणि यंत्रांच्या जोरावर लढणारे होते. डिटकोंच्या जागी आलेल्या रोमितांचा हात प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये बसलेला होता आणि त्यांची रेषा भरीव, गोलाईदार होती. ली-रोमिता जोडीने घडवलेला पहिला नवा खलनायक म्हणजे ऱ्हायनो. त्याच्याकडे ना योजना, ना यंत्र. समोर भिंत असो वा मोटार, डोके खाली घालून सरळ धडक मारायची, एवढेच त्याला ठाऊक. अशा शत्रूपुढे स्पायडरमॅनच्या ताकदीचा उपयोग नाही. म्हणून तो ऱ्हायनोला चिडवतो, ऐनवेळी बाजूला होतो आणि त्याचाच वेग त्याच्यावर उलटवतो. या मालिकेतील मारामारीची ही एक ठरलेली, आणि चांगल्या चित्रकाराच्या हाती फार देखणी होणारी, रीत बनली.

त्याच्या जन्माची कथा ४३व्या अंकात येते, आणि पात्राचे मर्म तिच्यातच आहे. परकीय हेरांना एक सांगकाम्या हवा होता. शरीराने धिप्पाड आणि डोक्याने मंद म्हणून त्यांनी याची निवड केली. मंद माणूस हुकूम मोडणार नाही, असा त्यांचा हिशेब. रसायने आणि किरणोत्सर्ग यांच्या प्रयोगांनी त्याची ताकद वाढवली, वर कातडीशी एकजीव झालेला अभेद्य पोशाख चढवला. वृत्तपत्रमालक जे. जोना जेमसनचा अंतराळवीर मुलगा जॉन याला पळवून आणणे हे त्याला नेमून दिलेले काम. हेरांचा हिशेब मात्र चुकला. ताकद येताच तो त्यांच्यावरच उलटला. पुढे स्पायडरमॅनने शास्त्रज्ञ डॉ. कर्ट कॉनर्स यांच्या मदतीने पोशाख विरघळवणारे रसायन तयार करून त्याला नमवले.

म्हणजे पहिल्याच कथेत तो एका धन्याला झुगारतो, पण धनी असण्याची गरज काही सुटत नाही. पुढची चाळीस-पन्नास वर्षे तो कुणाचा ना कुणाचा पंटर म्हणूनच वावरतो. ‘द इन्क्रेडिबल हल्क’च्या १०४व्या अंकात (१९६८) त्याला गॅमा किरणांनी पुन्हा सज्ज करून हल्कच्या अंगावर सोडण्यात आले. त्याच मालिकेच्या १२४व्या अंकात (१९७०) लीडर हा खलनायक ब्रूस बॅनर (म्हणजेच हल्क) आणि त्याची प्रेयसी बेटी रॉस यांच्या लग्नात त्याला हत्यारासारखा वापरतो. त्या कथेच्या शीर्षकातच ऱ्हायनोने दिलेला नकार आहे. १९८६ मध्ये बीटल, बूमरँग, हायड्रोमॅन, स्पीड डिमन यांच्यासह तो ‘सिनिस्टर सिंडिकेट’ या भाडोत्री टोळीत आला. १९९१च्या सुमारास पीटर डेव्हिड यांनी हल्कच्या एका कथेत त्याला ख्रिसमससाठी सांताक्लॉजचा वेश दिला. त्या विनोदी कथेतही गरीब बापड्या ऱ्हायनोविषयी माया आहे.

लेखकांना त्याच्यात खरा रस वाटू लागला तो सहजी काढता न येणाऱ्या या कातड्यात आणि मंदपणात झालेल्या त्याच्या कोंडीमुळे. ‘स्पायडरमॅन्स टँगल्ड वेब’मधील पीटर मिलिगन आणि डंकन फेग्रेडो यांच्या दोन भागांच्या कथेत (२००१) गुंडांच्या म्होरक्याच्या मुलीवर जीव जडल्याने तो मेंदूवर शस्त्रक्रिया करवून घेतो. तो अतोनात हुशार होतो, पण त्या हुशारीने त्याला जगणेच नकोसे होते, आणि शेवटी तो आपला जुना मंदपणा मागून घेतो.

याहून मोठी कथा म्हणजे जो केली यांनी ‘द गॉन्टलेट’ या कथामालिकेत लिहिलेली (‘अमेझिंग स्पायडरमॅन’ अंक ६१७ आणि ६२५, २०१०). शिक्षा भोगून आलेला अलेक्सेई पोशाखातून मुक्त झालेला असतो. तो सुरक्षारक्षकाची नोकरी करतो, ओक्साना नावाच्या स्त्रीशी संसार थाटतो. एक नवा, तरुण ऱ्हायनो त्याला लढाईचे आव्हान देतो. नाव कमवायला जुन्याला मारणे त्याला आवश्यक वाटते. अलेक्सेई बायकोला दिलेल्या शब्दाखातर लढायला नकार देतो. त्याच्या आयुष्यात स्वतःहून घेतलेला हा सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि स्पायडरमॅन या वेळी त्याच्या बाजूने उभा राहतो. पण नव्या ऱ्हायनोच्या हल्ल्यात ओक्साना मारली जाते. अलेक्सेई जुना पोशाख पुन्हा चढवतो आणि त्याला ठार करतो. ज्याला आजवर लोक केवळ धडका देणारा मूर्ख समजत होते, त्याच्यासाठी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणणारी ही कथा स्पायडरमॅनच्या साऱ्या वाङ्मयात वरच्या पंक्तीची आहे.

यानंतर तो डॉक्टर ऑक्टोपसच्या ‘सिनिस्टर सिक्स’ टोळीत गेला. ‘एंड्स ऑफ द अर्थ’ (२०१२) या कथेत त्याला जगायचेच नसते. पाण्याने भरत जाणाऱ्या जागेत तो स्पायडरमॅनच्या बाजूने लढणाऱ्या सिल्व्हर सेबलला धरून ठेवतो, कारण आपण सोसलेले दुःख स्पायडरमॅनने सोसावे एवढीच त्याची इच्छा उरलेली असते. पुढे दोघेही कथेत परतले.

१९६७च्या ॲनिमेशन मालिकेपासून ऱ्हायनो दूरदर्शनच्या पडद्यावर दिसतो, आणि २०१८च्या प्लेस्टेशन खेळातही आहे. ‘द अमेझिंग स्पायडरमॅन २’ (२०१४) या चित्रपटात पॉल जियामाटी यांनी ही भूमिका केली. तिथे कातड्याच्या जागी आत बसून चालवायचे लोखंडी यंत्र आले आणि हवे तेव्हा बाहेर पडता येत असल्याने पात्राची कोंडीच नाहीशी झाली. ‘क्रेव्हन द हंटर’ (२०२४) मध्ये अलेसांद्रो निव्होला यांचा अलेक्सेई प्रयोगामुळे कातडी टणक झालेला आहे. मात्र तो कुणाचा हस्तक नाही. हाताखाली माणसे बाळगणारा म्होरक्या आहे.