रुमालाखालचा भाव

सेकंडहँड बाईक घ्यायची म्हटलं की आपल्या कळंबातलं पोरगं आता यवतमाळला चक्कर मारत नाही, मोबाईल काढतं. फोटो झकास, किंमत बाजारापेक्षा निम्मी. विकणारा म्हणे फौजी, बदली झाली म्हणून गाडी काढतोय. ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. आधी गाडी पोचवायचे पैसे मागतो, मग इन्शुरन्सचे, मग 'परत मिळतील' म्हणून आणखी थोडे. गाडी काही येत नाही. पोरगं घरी सांगत नाही, कारण बाप म्हणेल, अक्कल कुठं गहाण टाकली होती?

माझ्या मते यात अकलेचा प्रश्न कमी आहे. न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेला माल कसा घ्यावा, हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो कापसात होता. त्यावर तोडगा काढायची देशातली पहिली मोठी खटपटही आपल्या शेजारी, कारंजा लाडला झाली. ती गोष्ट आपल्या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मग सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा, हैदराबादच्या रेसिडेन्सीमार्फत. आपला भाग त्या वेळी वणी जिल्ह्यात. यवतमाळ जिल्हा हे नाव १९०५ चं. (कळंब त्याहून कितीतरी जुनं, अकबराच्या काळच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातलं एक 'सरकार' म्हणून त्याची नोंद आहे. पण तो विषय पुन्हा कधी.) १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावला फाटा आला आणि आपल्या वावरातला कापूस मुंबईच्या गोदीतून थेट लिव्हरपूलला जाऊ लागला.

पहिल्यांदाच असं झालं की पिकवणारा आणि घेणारा एकमेकांचं तोंडही बघणार नव्हते. मग व्हायचं तेच झालं. गाठीत सरकी निघायची, माती निघायची, गेल्या सालचा पिवळा कापूस निघायचा. वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं असायचं. वरचा थर मात्र पांढराशुभ्र! आजच्या ऑनलाइन जाहिरातीतला पहिला फोटो आठवा. हे सगळं कास्तकारच करायचा असं नाही. वावर ते गोदी या वाटेत दलाल होते, जिनवाले होते, प्रेसवाले होते, आणि ज्याच्या हातात माल पडेल तो आपला हात मारून घ्यायचा.

मुंबई सरकारने यावर कायदे केले, १८२९ चा एक आणि १८६३ चा दुसरा. कापसात भेसळ करणाऱ्याला शिक्षा, तपासायला सरकारी माणसं. त्यातून फार साधलं नाही आणि पुढे हे कायदे मागे घेतले गेले. मला विचाराल तर कारण सरळ आहे. दहा हातांतून गेलेली गाठ फोडल्यावर माती कोणी घातली, हे गाठ सांगत नाही. चोर कोण हेच कळत नसेल तर शिक्षा करणार कोणाला?

मग व्यापाऱ्यांनी आपला उपाय शोधला, तो म्हणजे कडता. भेसळ असणारच, असं धरून प्रत्येक गाडीमागे थोडं वजन कापायचं. स्वच्छ कापूस आणणाऱ्याचंही कापायचं, पाणी मारणाऱ्याचंही कापायचं. मग स्वच्छ आणणाऱ्याने ते कष्ट का घ्यावेत? हळूहळू तोही बिघडतो, नाहीतर नुकसान सोसतो. थोडक्यात, लबाडाचा दंड सरळ माणूस भरतो. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हीच गोष्ट मांडली आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्याच लेखात त्याने भारतातल्या बाजारच्या तांदळाचा दाखला दिलाय, मुद्दाम घातलेले खडे बायका निवडत बसतात तो. आपल्या आज्या हे सगळं नोबेलशिवाय जाणून होत्या.

दुसऱ्या बाजूने कास्तकाराची फसवणूक चालायची ती रुमालाखाली. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात धरणार, वरून रुमाल किंवा धोतराचा सोगा टाकणार, आणि आत बोटं दाबून भाव ठरवणार. ज्याचा माल तो कास्तकार शेजारी उभा, आणि भाव काय ठरला ते त्यालाच ठाऊक नाही. अडत्या सांगेल तो भाव. काटा व्यापाऱ्याचा, वजनं व्यापाऱ्याची. वरून तोलाई, हमाली, धर्मादाय, नाना नावांच्या कपाती.

१८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा कापूस बाजार नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचीच नोंद घेतात. १८९७ ला सगळ्या वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. इंग्रजाला कास्तकाराचा कळवळा आला म्हणून हे झालं असं कोणी समजू नये. त्यांच्या गिरण्यांना चांगला कापूस वाजवी भावात हवा होता. बाजार समितीत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसं होती, कास्तकाराला तिथे खुर्ची नव्हती. पण केलं काय ते बघा. सौद्याची जागा ठरवली. दलाल आणि मापारी परवान्याशिवाय बसू शकत नव्हते. खोट्या मापाला शिक्षा आली, मनमानी कपाती बंद झाल्या, भांडण झालं तर ते मिटवायची सोय झाली. विकणारा देवमाणूस आहे की भामटा, हे ओळखायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. भामट्यालाही सरळ वागावं लागेल अशी जागा त्यांनी तयार केली.

१९२८ च्या शाही कृषी आयोगाने असे नियंत्रित बाजार देशभर हवेत म्हणून सांगितलं. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, ओरडून बोली, समितीचा परवानाधारक मापारी, हातात हिशोबपट्टी, चुकारा. आजही काही बाजारांत काय चालतं ते आपण सगळे जाणतो, व्यापारी संगनमताने बोली पाडतात हेही जाणतो, त्यावर मी आधी लिहिलंय. तरी रुमाल निघाला ही लहान गोष्ट नाही.

आता मोबाईलकडे येऊ. १९९५ मध्ये अमेरिकेत ईबे सुरू झालं, ऑनलाइन लिलावाची सगळ्यात मोठी पेठ. तिथे मापारी नाही, मालाचा ढीग नाही. मग त्यांनी घेणाऱ्याने विकणाऱ्याला शेरा द्यायची पद्धत काढली. लोकांनी शेरेही विकत घेतले! २००० साली तिथे एक चित्र २५ सेंटपासून लिलावाला लागलं. विकणाऱ्याने असं भासवलं की घरात पडलेलं आहे, आपल्याला चित्रातलं काही कळत नाही. एका नामवंत चित्रकाराचं असावं या आशेने बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर गेली. नंतर उघड झालं की विकणाऱ्याने स्वतःच दुसऱ्या खात्यावरून बोली लावली होती. तो पेशाने वकील, आणि २००१ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. हा आपला रुमालच, फक्त काचेचा. बोली सगळ्यांना दिसते, पण बोलणारा कोण ते दिसत नाही.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये ईबेने घेतलं. त्यांची पैसापे नावाची सोय मला चांगली वाटायची. घेणाऱ्याचे पैसे मधे थांबत, माल पोचला की मग विकणाऱ्याला मिळत. २०१८ मध्ये ईबे इंडिया बंद झालं. आता गावात चालतं ते बहुतेक ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि व्हॉट्सॲप ग्रुप. तिथे दोन अनोळखी माणसं आणि एक फोटो. ना मापारी, ना पट्टी, ना चुकारा धरून ठेवणारा कोणी. म्हणजे आपण कारंज्याच्याही मागे गेलो. सरकारने २०१६ ला शेतमालासाठी ई-नाम हा ऑनलाइन लिलाव आणला, त्यातसुद्धा माल आधी बाजारात येतो, त्याची तपासणी होते आणि मग बोली लागते. निव्वळ फोटोवर क्विंटलभर तूर कोणी घेत नाही, आणि आपण फोटोवर ट्रॅक्टर घेतो.

म्हणून विकणारा किती गोड बोलतो ते सोडा. फौजी आहे, देवाची शपथ घेतो, मुलीच्या लग्नासाठी विकतोय, हे सगळं बाजूला ठेवा. मालाची तपासणी तिसऱ्या कोणाकडून होते का ते बघा. गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर नंबर मागा आणि एम-परिवहनवर टाका. नोंदणी, मॉडेल, कर्जाचा बोजा तिथे कळतो. नंबर द्यायला कां-कू केली की फोन ठेवा. माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय, चारचौघांत गाडी सुरू करून घेतल्याशिवाय एक रुपया पाठवू नका, 'बुकिंग' म्हणूनही नाही. मोठ्या साइटवरून घेत असाल तर पैसे साइटच्याच मार्गाने द्या. 'बाहेरून दिले तर स्वस्त पडेल' म्हणणारा तुम्हाला बाजाराच्या फाटकाबाहेर काढतोय. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे गेलेच.

ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखांना जाते, असे व्हिडिओ अजून फिरतात. त्यात आधी नोंदणी फी मागतात, कधी रिझर्व्ह बँकेच्या नावाने. आपण असे व्यवहार करत नाही आणि कमिशन घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी साइटवर विकणाऱ्या धंदेवाल्याचं नाव-पत्ता दाखवणं आणि तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निकाल महिनाभरात. पण एखादा माणूस स्वतःची जुनी गाडी विकत असेल तर हे नियम त्याला लागत नाहीत. तिथे ग्राहक मंचाची आशा धरू नका. तो सरळ पोलिसांचा विषय आहे. पूर्वीचं कलम ४२०, आताचं भारतीय न्याय संहितेचं ३१८.

पैसे गेलेच तर लाजेपोटी रात्र काढू नका. तेवढ्या वेळात ते चार खात्यांतून फिरून निघून जातात. लगेच १९३० लावा, मग सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा. व्यवहाराचा यूटीआर नंबर, समोरच्याचा मोबाईल नंबर, यूपीआय आयडी आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. घरच्यांनी बघू नये म्हणून पोरं चॅट उडवून टाकतात. ते उडवू नका, तीच तुमची हिशोबपट्टी आहे.