रॉचडेलचा दुसरा इतिहास

रॉचडेल म्हटलं की आपल्याला सहकार आठवतो. इंग्लंडातल्या त्या गिरणगावातलं १८४४ सालचं दुकान, एका सभासदाला एक मत. त्याच गावच्या फुटबॉल क्लबचा इतिहास मात्र आपण सहसा सांगत नाही.

१९७३-७४च्या हंगामात या संघानं लीगच्या ४६ सामन्यांपैकी फक्त २ जिंकले आणि तो चौथ्या श्रेणीत घसरला. तिथून वर यायला २०१० साल उजाडलं. छत्तीस वर्षं! बापाचं बोट धरून मैदानावर गेलेलं पोर स्वतः बाप झालं, तरी संघ तिथंच.

लोक चिडत नव्हते का? चिडायचे, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे. त्या काळी तळाच्या संघांना लीगमध्ये टिकण्यासाठी इतर क्लबांची मतं मागावी लागत. १९८० साली रॉचडेल एका मतानं वाचलं. त्या मतदानात तिकीट काढून येणाऱ्या माणसाला मत नव्हतं. आम्हाला वाटतं, खरा सल इथं आहे. हार पचते, आपल्या संघाचं भवितव्य परक्यांनी ठरवावं, आणि तेही सहकाराच्या गावात, हे पचत नाही.

२०२३ साली, १०२ वर्षांनंतर, संघ लीगबाहेर पडला. माणसं मैदानाकडं निघालीच.