मनोरा

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील किनारी स्थळ व तेथील मराठाकालीन बुरूज. पाल्क उपसागरावर, सरभेंद्रराजनपट्टणम् गावाजवळ, तंजावरपासून सु. ६५ किमी., पट्टुकोट्टईपासून सु. २० किमी. १९९१ मध्ये नागपट्टणम् जिल्हा वेगळा निघाला आणि तंजावरची जुनी बंदरे तिकडे गेली. उरलेल्या तोकड्या किनाऱ्यावरचे हे एक महत्त्वाचे ठिकाण होय. जिल्ह्याची लोकसंख्या २४,०५,८९० (२०११).

नेपोलियनच्या पाडावाच्या स्मरणार्थ दुसरे सरफोजी राजे भोसले (कार. १७९८–१८३२) यांनी १८१४-१५ मध्ये हा बुरूज बांधला. तो षट्कोनी, आठ मजली व सु. २३ मी. उंच असून कमानदार खिडक्या, वर्तुळाकार जिने, भोवती तट व खंदक अशी रचना आहे. शिलालेखांत इंग्रजी व तमिळबरोबर मराठीही आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, समुद्रकाठी कोरलेली मराठी म्हणून त्याचे मोल वेगळे. वॉटर्लूच्या विजयाचे हे स्मारक, असे सर्रास लिहिले जाते. परंतु शिलालेखातील साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई जून १८१५ मधील. १७९९ च्या तहाने सरफोजींकडे तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर एवढाच उरला होता. अशा राजाने इंग्रजांच्या विजयाचा स्तंभ उभारावा, यात त्याची अगतिकता वाचली पाहिजे. २००४ च्या त्सुनामीत वास्तूची हानी झाली. पुढे राज्य शासनाने दुरुस्ती केली.

येथील समुद्र उथळ, गढूळ व चिखलाच्या तळाचा. बुडालेली जहाजे वा प्रवाळ पाहण्यासाठी स्कूबा बुड्या मारणाऱ्यांच्या तो उपयोगाचा नाही; त्यांनी पुदुच्चेरी गाठावी. या तळाचे महत्त्व आहे ते गवतामुळे. सागरी गवताच्या या कुरणांवर समुद्रगाय (ड्यूगाँग) जगते. तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांनी कुरणे उपटली गेली. त्यांच्या पुनर्लागवडीसाठी बांबूच्या चौकटींना काथ्याची दोरी ताणून तीत गवताची रोपे गुंफतात व चौकटी तळाशी रोवतात. बांबू आणि काथ्या कालांतराने कुजून जातात, रोपे मुळे धरतात. समुद्रात मागे गवताखेरीज काहीच राहत नाही, हे या पद्धतीचे मोठेपण. २१ सप्टेंबर २०२२ रोजी तंजावर व पुदुक्कोट्टई जिल्ह्यांलगतचे सु. ४४८ चौ. किमी. क्षेत्र देशातील पहिले ड्यूगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले. मनोरा येथे आंतरराष्ट्रीय ड्यूगाँग संवर्धन केंद्र उभारण्याची शासनाची योजना आहे.

मासेमारी व नारळ ही उपजीविकेची मुख्य साधने. २०१८ च्या गज चक्रीवादळात पट्टुकोट्टई-पेरावुरणी भागातील नारळबागांची मोठी हानी झाली.