पाणबुडीपासून सोसायटीच्या खांबापर्यंत

मुंबईत जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट निघालं की खांबाचं प्लास्टर काढतात, समोरासमोरच्या दोन बाजूंना ग्रीस फासतात आणि दोन प्रोब घट्ट दाबून धरतात. एकातून निघालेली श्राव्यातीत लहर दुसऱ्यात पोचते. 300 मिलिमीटरच्या खांबाला 75 मायक्रोसेकंद लागले, तर वेग सेकंदाला 4 किलोमीटर. आत पोकळी किंवा भेग असेल तर लहर वळसा घालून येते आणि वेग पडतो.

या प्रोबमागचं तत्त्व जुनं आहे: काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंना 1880 मध्ये आढळलं. पिएर क्युरींचे शिष्य पॉल लांजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झच्या मदतीनं पाण्यात लहरी सोडून पाणबुड्यांचा माग काढायची युक्ती बसवली. पुढे सोकोलोव्ह, फायरस्टोन या संशोधकांनी ती धातूतले दोष हुडकायला वळवली.

काँक्रीट मात्र सहजी दाद देईना. धातूत सरळ जाणारी मेगाहर्ट्झची लहर इथे खडीवर आपटून विखुरते. म्हणून कंप्रता किलोहर्ट्झपर्यंत उतरवावी लागली (आज बहुधा 54), आणि धातूत चालतो तसा प्रतिध्वनीचा नाद सोडून आरपार जायला लागणारा वेळ मोजणं आलं. कॅनडातल्या ओंटारिओच्या जलविद्युत आयोगात लेस्ली आणि चीझमन यांना धरणांच्या भेगा किती खोल गेल्यात हे जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या 'सोनिस्कोप'वरचा निबंध 1949 चा. त्याच सुमारास इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत आर. जोन्स याच कामात गढले होते.

या चाचणीचं भारतीय मानक 1992 मध्ये आलं. त्यात वेग सेकंदाला 4.5 किलोमीटरच्या वर तर उत्तम, 3 च्या खाली तर शंकास्पद असं होतं; 2018 मध्ये त्याची जागा नव्या मानकानं घेतली. अहवालात असा शेरा तेवढा वाचला जातो, आणि ते मला खटकतं. वेगावरून काँक्रीट किती एकसंध आहे ते समजतं, त्याची ताकद थेट समजत नाही. काँक्रीट ओलं असलं किंवा लहरीच्या दिशेनं सळई गेलेली असली, तरी आकडा फुगतो. काळानुसार काँक्रीट कसं बदलतंय ते पाहणं, हाही या चाचणीचा उद्देश मानकातच लिहिलाय. पण मुंबईत कायद्यानं ऑडिट बंधनकारक होतं ते इमारतीला तीस वर्षं झाल्यावर. तुलना करायची कशाशी? बिल्डरनं ताबा देतानाच ठरावीक खांब मोजून ते आकडे नकाशासह सोसायटीच्या दप्तरी द्यायला हवेत. मग तिसाव्या वर्षी आलेला 3.4 हा 4.3 वरून घसरलाय, की पहिल्यापासून तेवढाच होता, ते कळेल.