रुसवा की गाऱ्हाणे?

खेळाडूने निवृत्ती जाहीर करावी, लोकांनी हळहळावे आणि थोड्याच दिवसांत त्याने पुन्हा मैदानात उतरावे, हे क्रीडेच्या इतिहासात नवे नाही. अशा वेळी आपण सहज म्हणतो, “गडी रुसला होता, समजूत पटली, परत आला.” २०१६ साली लिओनेल मेस्सीविषयीही पुष्कळांनी हेच म्हटले. मला मात्र हे निदान वरवरचे वाटते.

त्या वर्षी २६ जून रोजी अमेरिकेतील न्यू जर्सी येथे कोपा अमेरिका स्पर्धेचा अंतिम सामना झाला. चिली व अर्जेंटिना यांच्यात एकही गोल न झाल्याने निकाल पेनल्टींवर गेला. मेस्सीने आपली पेनल्टी गोलाच्या आडव्या खांबावरून बाहेर मारली, आणि अर्जेंटिना ४–२ ने हरली. २०१४ ची विश्वचषक स्पर्धा, २०१५ ची कोपा आणि आता ही. तीन वर्षांत अंतिम सामन्यातील तिसरा पराभव! राष्ट्रीय संघापुरते आपले संपले, असे त्याने त्याच रात्री सांगून टाकले. वय अवघे एकोणतीस.

आता लोकांचे पाहा. तेराव्या वर्षी रोसारिओ सोडून बार्सिलोनास गेलेला हा मुलगा आपला नव्हेच, तो राष्ट्रगीतसुद्धा म्हणत नाही, असे टोमणे मारणारे मायदेशात थोडे नव्हते. पण तो जातो म्हणताच सूर पालटला. राष्ट्राध्यक्ष माक्री यांनी त्यास दूरध्वनी केला. ब्युनोस आयर्सच्या महापौरांनी दोनच दिवसांत त्याच्या पुतळ्याचे अनावरण केले. आणि २ जुलैला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, भर पावसात काही शेकडा माणसे शहराच्या मध्यावरील ओबेलिस्क स्तंभापाशी “जाऊ नकोस” म्हणण्यास जमली.

पण श्रोतेहो, या मनधरणीत मूळ दुखणे झाकले गेले. त्या देशाच्या फुटबॉल संघटनेत डिसेंबर २०१५ मध्ये अध्यक्षाची निवडणूक झाली. मतदार पंचाहत्तर, मते पडली ३८ विरुद्ध ३८! बेरीज आपणच करावी. पुढे जागतिक संघटनेस तेथे कारभारासाठी स्वतंत्र समिती नेमावी लागली. अंतिम सामन्याच्या आधी विमान खोळंबले, तेव्हा मेस्सीने या संघटनेच्या गैरव्यवस्थेवर उघड टीका केली होती. १२ ऑगस्टला परत येताना त्याने काढलेले उद्गारही त्याच सुराचे होते: अर्जेंटिनाच्या फुटबॉलमध्ये दुरुस्त करण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते बाहेरून टीका करून नव्हे, आत राहून करणे बरे. रुसलेला माणूस अशी भाषा बोलत नाही. त्याचे गाऱ्हाणे होते, आणि ते खरे होते.

१ सप्टेंबरला मेंडोसा येथे उरुग्वेविरुद्ध सामन्यातील एकमेव गोल त्यानेच केला. तरी २०१७ च्या जानेवारीत कुणीतरी त्याचा तो पुतळा कमरेपासून तोडला. पाय आणि चेंडू तेवढे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्विटो येथे इक्वेडोरविरुद्ध त्याने तीन गोल केले, म्हणूनच अर्जेंटिनास विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळाला. पुढे २०२१ ची कोपा आणि २०२२ चा विश्वचषक त्याच्याच नेतृत्वाखाली आला. २० डिसेंबर २०२२ रोजी ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर लाखो लोक असे लोटले, की विजयी संघाची बस ओबेलिस्कपर्यंत पोहोचूच शकली नाही. खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून गर्दीवरून फिरवावे लागले.