शीग उतरवलेले माप

धान्याच्या मापावर चढणारा निमुळता ढीग म्हणजे शीग. देण्याघेण्यात शीग हे उदारपणाचे लक्षण. परंतु केकच्या मिश्रणात तीच शीग घातक ठरते. ही शीग उतरवण्याचा आग्रह ज्या स्त्रीने घरोघरी रुजवला, तिची ही कथा.

फॅनी मेरिट फार्मर यांचा जन्म १८५७ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे झाला. ऐन सोळाव्या वर्षी पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवले, शिक्षण खुंटले आणि पायातील अधूपण कायमचे राहिले. तिशीच्या सुमारास त्यांनी बॉस्टनच्या पाकशाळेत नाव घातले. १८८९ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करून पुढे त्या तेथेच प्राचार्य झाल्या.

त्या काळी पाककृतींत ‘अक्रोडाएवढे लोणी’, ‘चहाचा पेलाभर मैदा’ अशी मापे असत. आईच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला ती उमगत. जिला शिकवणारे कोणी नव्हते, तिने काय करावे? १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फार्मरबाईंनी निश्चित आकाराचा कप आणि सुरीने सपाट केलेला चमचा हेच प्रमाण मानले. प्रकाशकाला विश्वास नव्हता. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च लेखिकेनेच सोसला. पुढे त्या ग्रंथाच्या लक्षावधी प्रती खपल्या.

त्यांनी वजनाचे कोष्टकही दिले: चार कप मैदा, दोन कप साखर किंवा घट्ट दाबलेले दोन कप लोणी म्हणजे एक पौंड, अर्थात सुमारे ४५४ ग्रॅम. कप एकच, पण मैद्याचे वजन लोण्याच्या निम्मे! कारण मैद्याच्या कणांत हवा दडलेली असते. अमेरिकन कप सुमारे २३७ मिलिलिटरचा. त्यात हलक्या हाताने भरलेला मैदा १२० ग्रॅम भरतो; डब्यात कप खुपसून काढलेला १५० ग्रॅमपर्यंत जातो. तीन कपांच्या केकमध्ये नव्वद ग्रॅम मैदा वाढला, तर केक कोरडा होणारच. साखर दर कपाला सुमारे २०० ग्रॅम धरावी, असे आजची कोष्टके सांगतात.

आपल्याकडेही चार शेरांची पायली हे आकारमानाचे माप होते. शेर तर मापाचाही असे आणि वजनाचाही. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली आणि हा गोंधळ हळूहळू ओसरला.

१९०४ साली फार्मरबाईंनी रुग्णांच्या आहारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आजाराने खचलेल्या देहाला अन्न मोजूनमापून द्यावे लागते, हे त्यांनी स्वतः भोगून जाणले होते. १९१५ साली त्या निवर्तल्या. अखेरच्या काळात त्या चाकांच्या खुर्चीतून व्याख्याने देत.

आपल्या घरातील आजीची ठरलेली वाटी तिच्या हाती कधी चुकत नाही. मात्र आजी गेल्यावर वाटी उरते, हात उरत नाही. म्हणून या नाताळापूर्वी, ती आपल्यात आहे तोवर, तिची वाटी एकदा तराजूवर ठेवावी आणि ग्रॅम लिहून घ्यावेत.