पावणेपाच किलोची होडी

आजचा भाग आमच्या घरातल्या भांडणातून निघालाय.

बाबा ६७ वर्षांचे. लहानपणापासून वसईच्या खाडीत गळ टाकतात. पूर्वी मित्राच्या होडीतून जायचे. मित्र गेला, होडी विकली गेली. आता त्यांना स्वतःची कयाक हवीय. आई म्हणते, "आधी गुडघे बघा." मी मोबाइलवर शोधलं, तर मासेमारीच्या प्लॅस्टिक कयाक तीस-तीस किलोच्या! आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

शोधता शोधता अमेरिकेतला एक म्हातारा सापडला. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स, टोपणनाव नेसमक. धंद्याने चप्पल-बूट शिवणारा, 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' साप्ताहिकात लिहिणारा. जेमतेम सव्वापाच फूट उंची, वजन पन्नास किलोच्या आसपास, त्यात छातीचा आजार. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅकच्या तळ्यांत त्याला फिरायचं होतं. तिथे एक तळं संपलं की होडी खांद्यावर घेऊन पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. पैसेवाले त्यासाठी वाटाड्या ठेवायचे. याच्याकडे तेवढे पैसे कुठले?

मग त्याने कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या कारागिराकडे हलकी होडी मागितली. १८८० मध्ये रश्टनने दिली साधारण आठ किलोची. सिअर्सला त्याहून हलकी हवी होती! असं करत करत १८८३ साली आली 'सेरी गँप'. नऊ फूट लांब, देवदाराच्या पातळ फळ्यांची, वजन पावणेपाच किलो. आपला अर्धा भरलेला गॅस सिलिंडरसुद्धा याहून जड. नाव डिकन्सच्या कादंबरीतल्या दारूबाज नर्सचं, कारण ती बाई पाण्याला शिवत नसे आणि होडीनेही पाणी घेऊ नये! कयाकसारखं दोन पात्यांचं वल्हं मारत, साठी उलटलेल्या त्या माणसाने त्या वर्षी सव्वाचारशे किलोमीटर प्रवास केला.

पुढे जर्मनीत आणखी गंमत झाली. म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिश या विद्यार्थ्याने घडी होणारी कयाक बनवली. रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने १९०७ मध्ये तिचे हक्क घेतले. लोक पिशव्यांत होडी भरून ट्रेनने नदीवर जाऊ लागले. (विरार लोकलमध्ये सकाळी आठला कुणी हे करून बघू नका.)

पण सिअर्सची तळी वेगळी, आपली खाडी वेगळी. उधाणाला इथे भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. हलकी होडी वाऱ्याने भरकटते, ओढीला पुढे सरकत नाही. ओहोटीत अडकलात तर किनाऱ्यापर्यंत गुडघाभर चिखल, आणि तिथे होडी तुम्हालाच ओढायची. म्हणून बाबांशी ठरलंय: भांगाचे दिवस, भरतीची शेवटची वेळ, अंगात लाइफ जॅकेट, आणि एकटं जायचं नाही. जिताडा मिळो न मिळो.

वजनाचं मात्र ठरलं नव्हतं. हवा भरायच्या कयाक बारा-पंधरा किलोपर्यंत मिळतात. म्हणून गेल्या रविवारी मी सॅकमध्ये १२ किलो तांदूळ भरले, ती बाबांच्या पाठीवर दिली आणि जिना चढायला लावला. दुसऱ्या मजल्यावर ते कठडा धरून थांबले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "आठ कर."

वरून आईचा आवाज आला, "तांदूळ सांडलेत जिन्यात, ते कोण उचलणार?"